ब्रुकलँड्स : वेगाची पडकी तटबंदी

मुद्दाम मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेली जगातली पहिली धावपट्टी इंग्लंडात आहे. ती आज मोडकी आहे आणि मोडकीच जपलेली आहे. राजगड-तोरण्याच्या मुलखातल्या माणसाने ती एकदा पाहावी, ते याचसाठी.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून नैर्ऋत्येकडे जाणारी लोकल अर्ध्या-पाऊण तासात वेब्रिजला पोचते. सरे परगण्यातलं हे झाडीतलं गाव. स्टेशनापासून दीड-दोन किलोमीटर गेलं की झाडांच्या मागे करड्या काँक्रीटची एक वाकडी भिंत दिसू लागते. भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, हा तट असणार. जवळ गेल्यावर कळतं की हा तट नव्हे, रस्ता आहे. वळणावर आडवा होत होत तो जवळजवळ उभा राहिला आहे. याच रस्त्यावरून मोटारी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावत होत्या आणि तेही नव्वद वर्षांपूर्वी. याचं नाव ब्रुकलँड्स. त्याला लागूनच ब्रुकलँड्स संग्रहालय आहे.

पदरमोड करून बांधलेला रस्ता

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात मोटारींना ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला परवानगी नव्हती. फ्रान्स आणि इटलीत मात्र गावोगावच्या रस्त्यांवर शर्यती रंगत होत्या. त्यातूनच तिथले कारखानदार आपल्या गाड्या सुधारत होते. इंग्रजांच्या गाड्या मागे पडत होत्या, कारण त्या पळवून पाहायला जागाच नव्हती.

ह्यू लॉक किंग हे वेब्रिजचे बडे जमीनदार. १९०५ साली इटलीतल्या ब्रेशा इथली शर्यत पाहून ते परतले. तिथे इंग्लंडची एकही गाडी नव्हती, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. सरकारकडे न जाता त्यांनी स्वतःच्या जमिनीवर धावपट्टी बांधायला घेतली. आराखडा कर्नल होल्डन या लष्करी अभियंत्याने केला. १९०६च्या अखेरीस काम सुरू झालं. शेकडो मजूर राबले, झाडं तोडली गेली, वे नदीवर काँक्रीटचा पूल आला आणि १७ जून १९०७ रोजी धावपट्टी खुली झाली. उद्घाटनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढच्या गाडीचं चाक लॉक किंग यांच्या पत्नी एथेल यांच्या हातात होतं. खर्च आला सुमारे दीड लाख पौंड. या पदरमोडीने लॉक किंग दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि घरचा कारभार एथेलबाईंनी सावरला.

धावपट्टीचा एक फेरा पावणेतीन मैलांचा, म्हणजे सुमारे ४.४ किलोमीटरचा. रुंदी १०० फूट. तिची खरी करामत वळणांत आहे. परातीची कड वर उचललेली असते तसा वळणाचा बाहेरचा काठ जवळजवळ ९ मीटर वर नेला आहे. कात्रज किंवा वरंध घाटात गाडी चालवणाऱ्याला याचं कारण लगेच उमगेल. वेगात वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. सपाट रस्त्यावर तिला फक्त टायरची पकड धरून ठेवते. काठ उचलला की तोच जोर गाडीला रस्त्यावर दाबतो, म्हणून वेग फारसा न तोडता वळता येतं. जितका वेग जास्त, तितकी गाडी वरच्या काठाकडे चढते.

आज या वळणावर चालत चढता येतं. वाकून पाहिलं की काँक्रीटमधली खडी उघडी पडलेली दिसते. लाद्यांच्या सांध्यांत शेवाळ आणि गवत आहे. एक लादी दुसरीपेक्षा बोटभर वर, तिसरी खचलेली. आतमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी नव्हती, त्यामुळे भरावाची जमीन बसत गेली तशा लाद्याही हलल्या. नदीवरच्या पुलाजवळ तर असा उंचवटा झाला होता की वेगातल्या गाडीची चारही चाकं जमिनीवरून उचलली जात. त्या क्षणांचे जुने फोटो संग्रहालयात आहेत. हातांनी तो सांधा चाचपून मग तो फोटो पाहावा, म्हणजे चालकाच्या मणक्याला काय सोसावं लागलं असेल ते समजतं.

चोवीस तास एकटा

पहिली शर्यत व्हायच्या आधीच, २८-२९ जून १९०७ला, सेल्विन एज यांनी नेपियर गाडी या धावपट्टीवर सलग २४ तास हाकली. काठाला कंदील टांगून रात्रीचा रस्ता दाखवला होता. एकट्याने त्यांनी १,५८१ मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटर पडला. मोटारीत इतका वेळ इतक्या वेगाने माणूस टिकेल का, याचीच तेव्हा अनेकांना शंका होती. शेजारच्या रहिवाशांची मात्र झोप उडाली आणि रात्रीच्या शर्यतींवर बंदी आली. पुढे १९२९मध्ये २४ तासांची शर्यत भरवायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागावी लागली. आवाजावरून खटले झाले, गाड्यांना ठरावीक घडणीचे सायलेन्सर सक्तीचे झाले. शर्यत आणि शेजार यांचा तंटा इतका जुना आहे.

मोटार शर्यतीचे स्वतःचे रिवाज तेव्हा जन्मले नव्हते, म्हणून घोड्यांच्या शर्यतीचेच उसने घेतले. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवर जॉकी रंगीत कपडे घालतात, तसे सुरुवातीला इथले चालक घालत. गाड्या उभ्या करायच्या जागेला पॅडॉक म्हणत. वेगवान गाडीला उशिरा सोडून सगळ्यांना बरोबरीची संधी देण्याची हँडिकॅपची पद्धतही तिकडचीच.

१५ फेब्रुवारी १९१३ला पर्सी लॅम्बर्ट यांनी टॅलबट गाडीतून एका तासात १०३ मैलांहून जास्त अंतर कापलं. एका तासात शंभर मैलांचा पल्ला ओलांडणारे ते पहिले. विक्रम हातचा गेला तेव्हा तो परत मिळवण्यासाठी ते त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा उतरले, टायर फुटला आणि त्या अपघातात ते गेले. १९२६मध्ये इंग्लंडची पहिली ग्रां प्री शर्यत इथेच झाली आणि फ्रान्सच्या डेलाज गाडीने ती जिंकली.

नेपियर-रेल्टनच्या समोर

संग्रहालयाच्या शेडमध्ये सगळ्यात मोठी गर्दी नेपियर-रेल्टन या चंदेरी गाडीभोवती असते. १९३३ साली ती इथल्याच थॉमसन अँड टेलर कार्यशाळेत रीड रेल्टन यांच्या आराखड्याप्रमाणे बनली. इंजिन विमानाचं, १२ सिलिंडरचं, जवळजवळ २४ लिटर क्षमतेचं. आपल्या रोजच्या छोट्या गाड्यांची अशी वीस इंजिनं एकत्र केली तर ही क्षमता भरेल. बाजूने एक्झॉस्टचे जाडजूड नळ, पुढे लांबलचक नाक, एका माणसापुरती जागा. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. ही गाडी घेऊन जॉन कॉब यांनी ७ ऑक्टोबर १९३५ रोजी ताशी १४३.४४ मैल, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटर वेगाने फेरा पूर्ण केला. तो विक्रम कोणी मोडला नाही. चार वर्षांनी इथल्या शर्यतीच थांबल्या. गाडी मात्र अजून चालू स्थितीत आहे आणि खास दिवशी तिचं इंजिन सुरू करतात.

शेडच्या बाहेर टेस्ट हिल नावाची चढण आहे, १९०९ची. लांबी फक्त ३५२ फूट, पण सगळ्यात तीव्र टप्प्यात चार फूट पुढे गेलं की एक फूट वर चढावं लागतं. गाडी चढण कशी घेते आणि उतरताना ब्रेक धरतो का, हे कारखानदार इथे तपासत. घाटात ब्रेक तापल्याचा वास ज्याने घेतला आहे, त्याला या चढणीची किंमत कोणी समजावून द्यायला नको.

बायकांना बंदी, आणि नंतर

१९०८मध्ये इथे बायकांची शर्यत झाली आणि म्यूरियल थॉम्पसन ती जिंकल्या. त्यानंतर बरीच वर्षं बायकांना शर्यतीत उतरू दिलं नाही. बंदी उठली तेव्हा त्यांनी कसर भरून काढली. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या के पेट्री यांनी १९३५मध्ये साडेदहा लिटरच्या अवाढव्य डेलाज गाडीतून ताशी २१६ किलोमीटरच्या पुढचा फेरा नोंदवला.

माझ्या मते या साऱ्यांत मोठी गोष्ट बिआट्रिस शिलिंग यांची. त्या इंजिनिअर होत्या. १९३४मध्ये स्वतः जुळवलेल्या नॉर्टन मोटारसायकलवर त्यांनी इथे ताशी १०० मैलांहून अधिक वेगाचा फेरा मारला आणि त्यासाठीचा सुवर्णतारा मिळवला. पुढे महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकदम खाली सूर मारला की त्यांची इंजिनं गुदमरत. कार्ब्युरेटरकडे जाणारं पेट्रोल मोजकंच सोडणारी एक छोटी धातूची चकती शिलिंगबाईंनी काढली आणि ही अडचण आटोक्यात आली. धावपट्टीवर घासलेली बुद्धी कुठे कामाला येते, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

धावपट्टीच्या पोटात विमानं

ब्रुकलँड्सचा मधला भाग मोकळा होता. १९१०च्या सुमारास तिथे विमानं उडू लागली, उड्डाणशाळा निघाल्या, मग व्हिकर्स आणि हॉकर कंपन्यांचे कारखाने आले. ६ नोव्हेंबर १९३५ला हॉकर हरिकेन विमान पहिल्यांदा उडालं ते इथून. कॉब यांच्या विक्रमाला तेव्हा एक महिना उलटला होता. पुढे अशी तीन हजारांहून अधिक हरिकेन इथे जुळवली गेली. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १९४४मध्ये इम्फाळ-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेनच घेऊन लढली. स्वातंत्र्यानंतर इंडियन एअरलाइन्सने वापरलेलं व्हायकाउंट विमानही व्हिकर्सचंच.

ऑगस्ट १९३९मध्ये शेवटची शर्यत झाली आणि महायुद्ध सुरू झालं. कारखान्याकडे जायला रस्ता हवा म्हणून वळणाचा काठ फोडला, शत्रूला वरून दिसू नये म्हणून धावपट्टीवर झाडं लावली, शेड उभारल्या. ४ सप्टेंबर १९४०ला जर्मन बाँब कारखान्यावर पडले आणि ऐंशीहून अधिक कामगार मेले. युद्ध संपलं तेव्हा धावपट्टी शर्यतीच्या कामाची राहिली नव्हती. व्हिकर्सने ती विकत घेतली. काँकॉर्ड विमानाचे मोठे भागही पुढे इथेच बनले आणि एक काँकॉर्ड आज आवारात उभं आहे.

विमानांच्या शेडमध्ये एक वेलिंग्टन बाँबर आहे. १९४०च्या शेवटच्या दिवशी ते स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात उतरवावं लागलं आणि बुडालं. १९८५मध्ये ते वर काढलं आणि जिथे जन्मलं तिथे परत आणलं. त्याच्या अंगावरचं कापड गेलं आहे, त्यामुळे बार्न्स वॉलिस यांनी योजलेली तिरक्या पट्ट्यांची धातूची जाळी पूर्ण दिसते. अशी जाळी की एक भाग उडाला तरी भार दुसऱ्या पट्ट्या उचलतात. जवळून पाहिलं की एकेक रिवेट दिसतो, आणि तो ठोकणारा हातही. ते हात अनेकदा बायकांचे होते. गावातल्या मुली युद्धकाळात इथे कामाला येत.

मोडकं तसंच जपलं

कारखाना १९८०च्या दशकाअखेरीस बंद झाला. त्याच काळात संग्रहालयाची संस्था उभी राहिली आणि १९९१मध्ये ते लोकांना खुलं झालं. धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. एका टोकाला दुकानं आणि कचेऱ्या आल्या, दुसरीकडे मर्सिडीज कंपनीचं केंद्र आहे. उरलेली भिंत कोणी नवी चकचकीत केली नाही. उलट, शेवटच्या सरळ पट्ट्यावर १९४०मध्ये बांधलेली शेड उचलून बाजूला नेली आणि २०१७मध्ये मूळ धावपट्टी पुन्हा उघडी केली. शेडही टाकून दिली नाही. विमान कसं बनायचं ते तिच्यात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे आणि मुलांना हाताने करून पाहता येतं. माहिती द्यायला बरेचसे निवृत्त स्वयंसेवक असतात. कोणतं हत्यार कसं धरायचं, हे ते मुलाच्या हातात हत्यार देऊनच सांगतात.

जायचं असेल तर निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. तिकिटात मोटारी, विमानं आणि लंडनच्या जुन्या बसगाड्यांचं संग्रहालय, सगळं पाहून होतं. लेकीकडे-लेकाकडे इंग्लंडला गेलेल्या आईवडिलांनाही झेपेल असं आहे, फक्त वळणावर चढताना पायात चांगले बूट हवेत.

इथे वीरांची नावं आहेत, पण त्यांच्या शेजारी मेकॅनिक, रिवेट ठोकणारी मुलगी आणि खडी टाकणारा मजूरही आहे. आपल्या वेल्ह्याचा राजगड जुलै २०२५मध्ये इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पाहायला आता जगभरातून लोक येतील. तो दगड कुठून काढला, चुना कसा मळला, पाणी कसं साठवलं, हे सांगणारी जागा त्यांना नसरापूर-वेल्ह्याच्या वाटेवर मिळायला हवी. शिरवळ आणि चाकणच्या कारखान्यांत रोज गाड्यांचे भाग घडवणारी आपली मुलं हे काम इतरांपेक्षा चांगलं समजून घेतील आणि समजावूनही देतील. गड कोणी जिंकला हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तो कोणी आणि कसा बांधला, हेही त्याला तितक्याच सहज सांगता आलं पाहिजे, आणि ते शिकायची सोय गडाच्या पायथ्याशीच झाली पाहिजे.