लक्ष्मी आणि प्रपंचातील संन्यास

आज लक्ष्मीपूजन. सायंकाळी घरोघरी चौरंगावर अक्षतांचे अष्टदल रेखून लक्ष्मीची स्थापना होईल, आणि शेजारी नवी केरसुणी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहिले जाईल. घर झाडण्याचे ते साधन; तरी आपण तिला लक्ष्मीच म्हणतो. श्रम आणि संपत्ती यांचे नाते पूर्वजांनी असे देवापाशी आणून ठेवले. श्रद्धेने माणसाला उद्योगी कसे केले, आणि पुढे त्या उद्योगाने श्रद्धेचे काय केले, याचे एक मोठे आख्यान युरोपच्या इतिहासात आहे. आजच्या दिवशी ते चिंतनीय आहे.

जर्मनीत १५१७ साली मार्टिन ल्यूथर या मठवासी साधूने रोमच्या धर्मसत्तेला आव्हान दिले. तोवर ईश्वराची हाक प्रामुख्याने मठवासीयांसाठी, अशी तेथील धारणा होती. ल्यूथरने पुढे मठ सोडला, विवाह केला, आणि बायबलच्या आपल्या भाषांतरात व्यवसायासाठी ‘बेरूफ’ हा शब्द योजला. त्यात ‘हाक’ हा अर्थ आहे. सुताराचा रंधाही मठातील प्रार्थनेच्या तोलाचा ठरला.

त्यानंतर जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनने (१५०९–१५६४) कठोर सिद्धान्त मांडला. उद्धार कोणाचा, हे ईश्वराने आधीच ठरविले आहे. मनुष्याच्या पुण्याने त्यात तिळमात्र फरक पडत नाही. येथे श्रोता सहज शंका घेईल, मग कर्म करावे कशासाठी? उत्तर मार्मिक आहे. आपण निवडलेल्यांत आहोत की नाही, या चिंतेने अनुयायी व्याकूळ झाले. त्यांना उपदेश मिळाला, की अखंड व शिस्तबद्ध उद्योगात राहा. कर्म हे मोक्षाचे साधन नव्हे, पण कृपेची खूण झाले. सतराव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक रिचर्ड बॅक्स्टर याने वेळ दवडणे हे मोठे पाप मानले. मिळवावे, परंतु उपभोगू नये. मग धन जाणार कोठे? ते पुन्हा व्यापारात गेले, आणि भांडवल वाढत राहिले.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४–०५ मध्ये हा विचार मांडला. प्रपंचातील या संन्यासाने भांडवलशाहीच्या वृत्तीला बळ दिले, असे त्याचे म्हणणे. त्यावर आक्षेपही आले. व्हेनिस व फ्लॉरेन्स येथील पेढ्या ल्यूथरच्या कितीतरी आधीच्या होत्या. शिवाय बायबल वाचण्यासाठी वाढलेली साक्षरता हेच समृद्धीचे खरे कारण, असे प्रतिपादन २००९ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी केले.

परंतु आख्यानाचे मर्म उत्तररंगात आहे. धर्म उद्योग व काटकसर शिकवितो, त्यांतून संपत्ती येते, आणि संपत्तीने धर्म क्षीण होतो, अशी खंत अठराव्या शतकात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने व्यक्त केली. त्याच शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने तरुण व्यावसायिकांना वेळेचे मोल पैशांत मोजावयास शिकविले. ईश्वर निघून गेला, धावपळ तेवढी उरली.

वेबरने १९१६–१७ मध्ये हिंदू धर्माचाही विचार केला. कर्मसिद्धान्त व जातिव्यवस्था यांमुळे येथे तशी वृत्ती उपजली नाही, असे त्याचे मत. त्याचा निवाडा पंडित करोत. अरणच्या मळ्यात सावता महाराजांनी भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला. कॅल्व्हिनचा अनुयायी कामात कृपेची खूण शोधीत राहिला. सावता महाराजांना शोधावयाचे काही उरलेच नव्हते. एकाच्या श्रमामागे चिंता होती, दुसऱ्याच्या श्रमात समाधान.

आज केरसुणीला कुंकू लावताना प्रत्येक गृहस्थाने एवढेच मनाशी विचारावे : वर्षभराची माझी धावपळ कोणत्या देवाची पूजा होती?