पाटी बदलली, चौक तोच

जरीपटक्याच्या बाजारातून कोराडी मार्गाकडे निघालेल्या प्रवाशाने रिक्षावाल्याला 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असे सांगितले, तर तो क्षणभर विचारात पडण्याचा संभव आहे. 'पागलखाना चौक' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयाची फाटकावरील पाटी केव्हाच बदलली. चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी आणि पत्त्यांतही टिकून आहे.

यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे, असे विचारणारे पुष्कळ निघतील. चौकाचे नाव घेणाऱ्याच्या मनात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, हे खरेच आहे. परंतु शब्दाची किंमत तो उच्चारणाऱ्याला द्यावी लागत नाही. कारखान्याचा धूर ज्याप्रमाणे मालकाच्या हिशेबात दिसत नाही, शेजारच्या वस्तीच्या छातीत दिसतो, तसाच हा प्रकार आहे. महिनोन्महिने झोप न आलेला एखादा कारकून, किंवा परीक्षेच्या धास्तीने घराबाहेर पडेनासा झालेला विद्यार्थी घ्या. सरकारी बाह्यरुग्ण विभागात त्याला द्यावे लागणारे शुल्क फार नसते. खरे शुल्क त्या फाटकातून आत जाताना ओळखीच्या माणसाने पाहणे हे असते, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर ते दुप्पट होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शेकडा दहांहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत शेकडा ७० पासून ९२ पर्यंत रुग्ण उपचाराविना होते. डॉक्टरांची टंचाई हे त्याचे मोठे कारण आहेच. परंतु जेथे डॉक्टर आहेत तेथेही लोक उशिरा पोचतात, आणि या उशिरात नावाचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा नावे बदलावीत, हे ओघाने आले. आणि ती बदललीही. १९१२ च्या कायद्यात सरसकट 'वेडा' या अर्थाचा शब्द होता आणि त्याच्या व्याख्येत जन्मजात मंदबुद्धीचा माणूसही घातलेला होता. १९८७ च्या कायद्याने तो शब्द टाकला. २०१७ च्या कायद्याने तर उपचार हा रुग्णाचा हक्क मानला. पण बोलण्यातली गंमत पाहावी. 'वेडा' कठोर म्हणून 'मनोरुग्ण' आला, आणि महाविद्यालयांच्या आवारात 'मेंटल' ही सर्रास शिवी झाली. 'मतिमंद' हाही एके काळी सभ्य शब्द होता. अपंगाचा विकलांग झाला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने याच नावाचे स्वतंत्र खाते काढले. उलट संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ मध्ये या शब्दावर आक्षेप घेतला. सुचवणाऱ्यांचा हेतू शंकास्पद नाही. तरीही ज्याला कचेरीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्याच्या अंगात दिव्यत्व पाहण्यापेक्षा पायऱ्यांच्या कडेला उतार बांधणे अधिक उपयोगाचे. शिवाय मानसिक आजार १९९५ आणि २०१६ या दोन्ही कायद्यांनी अपंगत्वात गणला असताना, ज्याचे अंग धडधाकट आणि मन आजारी, त्याला 'दिव्यांग' म्हणून काय कळावे?

जुलै २०२४ मध्ये एका चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाची टर उडवणारा विनोद आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद यांत भेद केला. तो मार्मिक आहे. शब्द तोच राहिला तरी तो कोणाच्या तोंडून आणि कशासाठी येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

याचे उदाहरण विदर्भातच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'महारोगी सेवा समिती' आहे. 'महारोग' या शब्दाने त्या काळी माणसे चार हात दूर सरत. आनंदवनात त्याच रोगातून उठलेल्यांनी शेती केली, माग चालवले, इमारती उभ्या केल्या, आणि त्या शब्दातला दंश पुष्कळ बोथट झाला. याचा आधार घेऊन पागलखाना चौकाचे समर्थन करता येणार नाही. तेथे नाव रोग्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी धारण केले होते. येथे ते रस्त्याने जाणारे येणारे रोग्यांवर टाकतात.

ही गोष्ट जरीपटक्याला परक्याने समजावून सांगण्याची गरज नसावी. मराठ्यांच्या निशाणाचे नाव असलेली ही वस्ती फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवली. 'शरणार्थी' हा शब्द त्या पिढीतील अनेकांना बोचे; 'पुरुषार्थी म्हणा', असा आग्रह पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या लोकांनी ठिकठिकाणी धरला होता. तो आग्रह योग्यच होता. मात्र शरणार्थीपण पुसले गेले ते दुकानांच्या गाळ्यांनी, शाळांनी, व्यापारातल्या पतीने. नुसत्या नव्या शब्दावर त्यांनी भिस्त ठेवली असती, तर 'पुरुषार्थी' हीही टवाळी झाली असती.

मनोरुग्णालयातून बरा होऊन निघणाऱ्या माणसाकडे असे काय आहे? केवळ घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यावरून त्याला आत ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या कायद्याचे कलम १९ सांगते. निवाऱ्याची आणि आधारगृहांची जबाबदारी कायद्याने शासनावर टाकली आहे. चौकाचे नाव बदलण्याची मागणी अवश्य व्हावी, तिला खर्चही फारसा नाही. आधारगृहांना मात्र जागा लागते, माणसे लागतात, दरवर्षी अंदाजपत्रकात रक्कम लागते, आणि शेजाऱ्यांची हरकतही ऐकून घ्यावी लागते. तोवर बरा झालेला माणूस शहरात खोली शोधत फिरला, तर घरमालक त्याला आधीचा पत्ता विचारील, आणि त्या पत्त्यात चौकाचे नाव असेल.