रात्रीची हस्तसुप्तता : सरसकट वातव्याधी ठरविण्यापूर्वी

“रात्री हात मेल्यासारखा होतो, झटकला की बरे वाटते,” ही तक्रार घेऊन चिंचोटी परिसरातील कामगार स्त्रिया व महामार्गावरील वाहनचालक वरचेवर येतात. शिवणकाम करणाऱ्या एका रुग्णेस मी चार महिने केवळ तेल व गुग्गुळकल्प दिले. तोवर तिच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा क्षीण झाला होता. पुढे शस्त्रक्रियेने सुप्तता गेली. परंतु बळ पूर्णपणे परतले नाही. ही चूक माझीच होती.

संप्राप्ती : मनगटातील अरुंद मार्गातून ‘मेडियन’ नाडीबरोबर नऊ कंडरा जातात. झोपेत मनगट दुमडले की तेथील दाब वाढतो. सुश्रुतनिदानाच्या पहिल्या अध्यायात रक्तावृत वातात टोचणी व प्रसुप्तता, तर विश्वाचीत बाहूचा कर्मक्षय सांगितला आहे. सुप्ततेकडून कर्मक्षयाकडे जाणारा रुग्ण वेळीच ओळखणे, हेच आपले कर्तव्य होय.

व्यवच्छेदक निदान : कोणती बोटे बधिर होतात, हे प्रथम विचारावे. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू असल्यास दोष बहुधा मनगटात. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू असल्यास कोपरात. मान हलविताच वेदना हातात उतरत असल्यास मानेचे मणके तपासावेत. मनगटे पूर्ण वाकवून एक मिनिट धरल्यास मुंग्या येतात काय, तेही पाहावे. मधुमेह, थायरॉइडची न्यूनता, बी-१२ ची कमतरता व गर्भावस्था यांचा विचार अवश्य करावा.

चिकित्सा : रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा किमान सहा आठवडे वापरावा. कोपराच्या विकारात टॉवेल सैल गुंडाळून कोपर दुमडू देऊ नये. स्नेहन युक्तीने करावे. मात्र बधिर त्वचेस उष्णता कळत नाही, म्हणून स्वेदनापूर्वी पोट्टली स्वतःच्या हातावर पारखावी. सतत बधिरता, वस्तू हातून निसटणे वा मांसक्षय दिसताच नाडीवहन तपासणी व शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. अचानक एक हात बधिर होऊन तोंड वाकडे झाल्यास किंवा वाणी अडखळल्यास, तसेच छातीत दुखत असल्यास, क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की तेच तेल तिसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकास “कोणती बोटे?” एवढे विचारावे व वैद्याकडे पाठवावे. त्याने एखादा हात वाचेल.