‘कठीण’ कोण : काम की माणूस?

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरताना आपण गुजरातेत आहोत की खानदेशात, असा संभ्रम पडावा इतकी मराठी कानांवर येते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमाग आणि कापडाच्या धंद्यामुळे तेथे गेलेली कुटुंबे आता तिथलीच झाली आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही त्या शहरात आहेत. अशा घरातील मुलाच्या तोंडी घरात अहिराणी वळणाची मराठी, रस्त्यावर गुजराती आणि बाजारात हिंदी असते. इंग्रजीचा क्रमांक त्यानंतरचा. गोव्यातील वाचकाला ही स्थिती परकी वाटू नये. येथेही कोकणी, मराठी आणि हिंदी ओलांडूनच मूल इंग्रजीपर्यंत पोहोचते.

हे मूल मोठे होऊन नोकरीच्या मुलाखतीला बसते, तेव्हा एक वाक्य हमखास घात करते. ‘मला इंग्रजी बोलणे कठीण जाते’, असे नम्रपणे सांगायचे असते. तोंडून निघते, ‘आय अ‍ॅम डिफिकल्ट टू स्पीक इंग्लिश.’ ऐकणाऱ्याला रोख कळतो. पण इंग्रजीच्या हिशेबाने वाक्याने भलतेच काही सांगितलेले असते. ‘आय अ‍ॅम डिफिकल्ट’ याचा अर्थ ‘मी हट्टी आहे, माझ्याशी जुळवून घेणे अवघड आहे’. नोकरी मागायला आलेल्या उमेदवाराने स्वतःबद्दल सांगू नये नेमके तेच.

या चुकीचे मूळ आळसात नाही, दोन भाषांच्या ठेवणीत आहे. आणि ती ठेवण तपासायला सुरत हे ठिकाण अयोग्य नाही. मराठी व्याकरणाचे आद्य प्रवर्तक दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात याच शहरातील सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापन केली, हा त्यांच्या सुरतेतील वास्तव्याचा अधिक प्रसिद्ध भाग. परंतु त्याआधीच, 1836 मध्ये, त्यांचे मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर सिद्ध झाले होते. (त्यांचे आत्मचरित्र संपादून मराठी वाचकांपुढे ठेवणारे अ. का. प्रियोळकर हे आपल्या प्रियोळचे, हे जाता जाता नोंदवायला हवे.)

मराठीत अडचण सांगताना माणूस वाक्यात असतो, पण कर्ता म्हणून मिरवत नाही. ‘मला जड जाते’, ‘तिला अवघड वाटते’, ‘माझ्याच्याने होत नाही’. कोकणीत ‘म्हज्यान जायना’ आणि गुजरातीत ‘माराथी थतुं नथी’ या रचना त्याच घरातल्या. अडचण माणसाकडे येते, त्याच्यावर ओढवते. तो तिचा धनी नसतो. इंग्रजी वाक्याला मात्र आरंभी कर्ता हवाच. ‘मला’ मनात ठेवून बोलणारा मग त्या रिकाम्या जागी ‘आय’ बसवतो आणि फसतो.

इंग्रजी स्वतः ही जागा कशी भरते, ते पाहू. पहिली युक्ती म्हणजे कोणताही अर्थ नसलेला ‘इट’ तेथे उभा करणे : ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू स्पीक इंग्लिश.’ हा ‘इट’ कशाचाच निर्देश करीत नाही. तो जागा राखतो, इतकेच. माणूस ‘फॉर’च्या आश्रयाने मागे येतो. आपल्या ‘मला’चे अर्धेअधिक काम हा ‘फॉर मी’ करतो.

तरीही ‘अर्धेअधिक’च म्हणावे लागते. मराठीत ‘गणित कठीण आहे’ आणि ‘मला गणित कठीण जाते’ या दोन वाक्यांत स्पष्ट भेद आहे. पहिल्यात दोष गणिताचा, तो जगाला लागू. दुसऱ्यात अनुभव माझा. शेजारच्या मुलाला तेच गणित सोपे जात असेल. हा ‘जाणे’ इंग्रजीत ‘फाइंड’ या क्रियापदाने उतरतो : ‘आय फाइंड मॅथ्स डिफिकल्ट’, ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टू स्पीक इंग्लिश’. ‘फाइंड’ म्हणजे शोधणे, एवढेच शाळेत पाठ झालेले असते, म्हणून हा प्रयोग मराठी भाषकाच्या तोंडी क्वचित येतो. वास्तविक ‘कठीण जाते’ला याहून जवळचा इंग्रजी प्रयोग नाही, आणि येथे ‘आय’ आरंभी आला तरी अर्थाला धक्का लागत नाही.

दुसरी युक्ती अधिक चकवणारी आहे. ‘धिस बुक इज हार्ड टू रीड.’ पुस्तक वाचत नाही. ते वाचले जाते. म्हणजे ‘रीड’चे कर्म उचलून कर्त्याच्या गादीवर बसवले आहे आणि वाचणारा वाक्यातून नाहीसा झाला आहे. नोम चॉम्स्की यांनी 1960 च्या दशकात ज्या जोडीकडे लक्ष वेधले ती यासंदर्भात प्रसिद्ध आहे : ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. शब्दांची रांग तीच. पण पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक आहे, तर दुसऱ्यात जॉनला खूश करणे इतरांना सोपे आहे.

ही रचना इंग्रजी मातृभाषेच्या मुलांनाही लवकर साधत नाही. कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांचे पुस्तक 1969 मध्ये निघाले. त्यांनी मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारले, ही बाहुली ‘ईझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’? बाहुली समोर लख्ख दिसत असताना अनेक लहान मुलांनी ‘हार्ड टू सी’ असे उत्तर दिले. ‘मग ती सहज दिसेल असे कर’, असे म्हटल्यावर त्यांनी तिची पट्टी सोडली! पाहणारी बाहुलीच, अशी त्यांची समजूत. मराठी उमेदवाराची ‘आय अ‍ॅम डिफिकल्ट’ ही चूक याच जातीची आहे : क्रिया कोणाची आणि ती कोणावर घडते, याची सरमिसळ.

या रचनेला आणखी दोन काटे आहेत. कर्म पुढे गेल्यावर मागे त्याची जागा रिकामीच राहिली पाहिजे. ‘धिस बुक इज हार्ड टू रीड इट’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य चूक ठरते. दुसरा काटा तर लहरीपणाचाच. ‘इम्पॉसिबल टू रीड’ चालते, पण ‘धिस बुक इज पॉसिबल टू रीड’ इंग्रजी कानाला खटकते. तेथे ‘इट इज पॉसिबल टू रीड धिस बुक’ असेच म्हणावे लागते. याची कारणमीमांसा करण्यापेक्षा पाठांतर बरे.

उलट बाजूने पाहिले तर इंग्रजीलाही मराठीपुढे अडखळावे लागते. ‘आजोबांना आता चालवत नाही’, ‘मला हे बघवत नाही’, ‘तिला जेववत नाही’. शाळेच्या व्याकरणात ज्यांना शक्य क्रियापदे म्हणतात ती ही. ‘चालता येत नाही’ आणि ‘चालवत नाही’ यांत किती अंतर आहे! पहिल्यात कौशल्य नाही किंवा पाय अधू आहे. दुसऱ्यात अंगात त्राण नाही. इंग्रजीचा ‘कान्ट’ दोन्ही एकाच पोत्यात भरतो. मग ‘बघवत नाही’साठी ‘आय कान्ट बेअर टू लुक’ आणि ‘चालवत नाही’साठी ‘ही इज टू वीक टू वॉक’ अशी निरनिराळी सोय करावी लागते. ‘टू वीक टू वॉक’मध्ये ‘नॉट’ कोठेही नसताना नकार कसा निघतो, हेही शिकवताना थांबून सांगावे लागते.

‘हॅव डिफिकल्टी’ नंतर ‘टू स्पीक’ नव्हे, ‘स्पीकिंग’ येते, हे लक्षात ठेवले की पुरे. ‘हार्डली’बाबत मात्र सावध असावे. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम करतो म्हणायचे, इतकेच. शिफारसपत्रात दोहोंची अदलाबदल झाली तर कष्टाळू माणसाची गत काय होईल, हे सांगायला नको.

शेवटी बाजारातली एक गोष्ट. सुरतेच्या कापड व्यापाऱ्याने परदेशी ग्राहकाला ‘इट विल बी डिफिकल्ट टू डिलिव्हर बाय मंडे’ असे लिहिले, तर त्याच्या मनात बहुधा ‘ओढाताण होईल, पण बघतो’ असते. व्यवहारातील इंग्रजीत तोच मजकूर सभ्य नकार म्हणून वाचला जातो आणि ग्राहक दुसरीकडे चौकशी सुरू करतो. माल सोमवारी पोहोचवायचाच असेल, तर पुढे ‘बट वी विल मॅनेज’ हे चार शब्द जोडावे लागतात.