सहा चाकांचं ‘डक’ आणि रबराचा बूट

मंगरूळपीरच्या पंचक्रोशीत पावसाळ्यात गाडी कुठे अडते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. काळी माती भिजली की पांदणीत ट्रॅक्टरही रुततो आणि अडाण फुगली की पलीकडचं गाव तेवढ्यापुरतं परमुलखात जातं. चिखल आणि पाणी दोन्ही एकाच गाडीनं कापावं, ही ओढ मला लहानपणापासून लागली ती त्यामुळेच. तिच्यापायी दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या सहाचाकी उभयचर ट्रकबद्दल हाती लागेल ते वाचत आलो. वाचता वाचता लक्ष इंजिनावरून सरकलं आणि एका रबरी बुटावर येऊन खिळलं.

डकची जन्मकथा थोडक्यात अशी. 1942 साली जनरल मोटर्सच्या सहाचाकी लष्करी ट्रकला नावेसारखं पोलादी अंग चढवण्यात आलं. आखणी करणाऱ्यांत शर्यतीच्या शिडाच्या नौकांतले जाणकार रॉड स्टीफन्स आणि ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस प्युलस्टन होते. लष्कर आधी नाखूश होतं. त्या डिसेंबरात अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक बोट वादळात वाळूवर अडकली आणि प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या डकनं तिच्यावरच्या सात जणांना सुखरूप काठावर आणलं. मग आक्षेप मावळले आणि सुमारे 21,000 डक तयार झाले. चालत्या गाडीतून टायरची हवा कमीजास्त करायची सोय त्यात होती. वाळूत हवा उतरवायची, डांबरावर चढवायची.

पाण्यातून जमिनीवर चढाई करण्याची युद्धकाळातली तालीम आपल्याकडे खडकवासल्यालाही झाली. तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्तुरा’ नावाचं नकली जहाज उभारलेलं होतं आणि त्यावरून सैनिकांना काठावर उतरण्याचे धडे दिले जात.  

युद्ध संपलं आणि डक भंगाराच्या भावात निघाले. 1946 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन डेल्सला त्यांतून पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढे इंजिनं बदलली, गिअरबॉक्स बदलले, कुणी मधोमध कापून लांबीही वाढवली. खरी गोष्ट इथून सुरू होते.

साध्या ट्रकचं इंजिन बदललं तर फार तर ट्रक रस्त्यात बंद पडतो. उभयचर गाडीचं तसं नाही. डकच्या पोटातून तीन शाफ्ट तीन अ‍ॅक्सलकडे जातात आणि चौथा मागच्या पंख्याकडे. म्हणजे नावेच्या अंगाला चार भोकं मुद्दाम पाडलेली. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी रबरी बूट असतो, क्लॅम्पनं आवळलेला. अ‍ॅक्सल वर-खाली होताना बूट वाकतो आणि पाणी बाहेर ठेवतो. नवं इंजिन जड असेल तर नाव पाण्यात आणखी खाली बसते. त्याची ताकद जास्त असेल तर तो ताण शाफ्ट आणि अ‍ॅक्सलला सोसावा लागतो.

1944 मध्ये बनलेला ‘मिस मॅजेस्टिक’ नावाचा डक 1 मे 1999 रोजी आर्कान्सामधल्या हॅमिल्टन तलावात उतरला. चालकासह 21 जण होते. काही मिनिटांत तो मागच्या बाजूनं बुडाला आणि 13 जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 2002 मध्ये दिलेला चौकशी अहवाल मी पुनःपुन्हा वाचला आहे. पाणी आलं होतं मागच्या शाफ्टच्या बुटाजवळून. मूळ डकमध्ये शाफ्टवर चालणारा दणकट हिगिन्स पंप असे. पर्यटकांच्या कितीतरी डकमध्ये त्याच्या जागी विजेवरचे छोटे पंप आले होते. उन्हासाठी घातलेल्या छतामुळे माणसांना वर निघता आलं नाही. मंडळाचं म्हणणं सरळ होतं: आत पाणी भरलं तरी तरंगत राहील अशी सोय गाडीत हवी आणि तोवर छतं काढा.

2015 च्या 24 सप्टेंबरला सिएटलच्या अरोरा पुलावर एक वाढीव लांबीचा डक समोरून येणाऱ्या बसवर आदळला. पाच विद्यार्थी गेले. पाण्याचा संबंधच नव्हता. पुढच्या डाव्या अ‍ॅक्सलचं हौसिंग तुटलं होतं. हे हौसिंग कमकुवत आहे, त्याला बळकटी द्या, असं परिपत्रक गाडीची पुनर्बांधणी करणाऱ्यांनी 2013 मध्येच काढलं होतं. या गाडीवर ते काम झालंच नव्हतं. कागद निघतो आणि पाना फिरत नाही, याची मला मनस्वी चीड येते.

मग 19 जुलै 2018. मिझुरीतल्या टेबल रॉक तलावात वादळात सापडलेल्या डकमधल्या 31 पैकी 17 जणांचा जीव गेला. छत होतंच, बुडू न देणारी सोय नव्हतीच. या दोन्ही गोष्टींसाठी अमेरिकेत कायदा झाला तो 2022 च्या डिसेंबरात. हॅमिल्टन तलावातल्या तेरा जणांना जाऊन तोवर तेवीस वर्षं उलटली होती.

छोट्या सहाचाकी गाड्याही याच वर्गातल्या. कॅनडात 1967 पासून बनणारी ‘आर्गो’ साखळीनं सहाही चाकं फिरवते आणि पाण्यात टायरच्या खाचांनी पुढे सरकते. तिथेही अ‍ॅक्सल टबासारख्या अंगातून बाहेर येतो तिथलं बेअरिंग आणि सील हीच नस. जुनी आर्गो उघडून नवं इंजिन बसवणाऱ्यानं आधी त्या जागा तपासाव्यात, इंजिनाचं वजन नंतर मोजावं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. पाण्यासाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. उभयचर गाडीवर या दोन्हींची नजर एकाच वेळी पडायला हवी. रस्त्याचा निरीक्षक बुटाकडे बघणार नाही आणि पाण्याचा निरीक्षक अ‍ॅक्सलकडे. अपघात नेमका त्या फटीतून शिरतो.

आमच्याकडचे मिस्त्री ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा चालता करतात, तेव्हा कौशल्याची वाण नाही. पुरात अडकलेली माणसं काढायला अशी एखादी गाडी आपल्या तालुक्यात असावी, असं मला मनापासून वाटतं. ती जुनी, नव्या इंजिनावर उभी केलेली असली तरी हरकत नाही. पण माणसं बसवण्याआधी ती धरणाच्या काठाशी, मागचा बूट काढून, रिकामी पाण्यात सोडावी. पाणी भरूनही तरंगली तरच तिला नंबर द्यावा.