रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडलेलंच! आयबीएसवर संमोहन उपचार खरंच चालतो का?

साताऱ्याहून सांगलीला एसटीने निघायचं म्हटलं की काहींना एकच धास्ती असते. वाटेतच शौचाला लागलं तर? पोटात कळा, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, 'तुझ्या मनाचे खेळ आहेत.'

तसं नाही. हा खरा आजार आहे. त्याचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस.

नेमकं बिघडतं काय?

मेंदू आणि आतडी यांच्यात नसांमार्फत सतत निरोप जात-येत असतात. आयबीएसमध्ये ही यंत्रणा जास्त संवेदनशील होते. साधा गॅसही कळ म्हणून जाणवतो. ताण आला की त्रास वाढतो आणि त्रासाच्या भीतीने ताण वाढतो.

संमोहन म्हणजे वशीकरण?

अजिबात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात हा शब्द ऐकून शंका येणं साहजिक आहे. पण या उपचारात रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं आणि नको वाटलं तर तो थांबू शकतो.

आधी श्वास आणि स्नायू सैल केले जातात. मग रुग्ण पोटावर हात ठेवून ऊब पसरतेय अशी कल्पना करतो. किंवा नदी डोळ्यांसमोर आणतो. जुलाब असतील तर पुराचं पाणी ओसरून संथ होताना, बद्धकोष्ठता असेल तर अडलेला प्रवाह मोकळा होताना. कृष्णाकाठच्या माणसाला हे चित्र सहज जमेल! साधारण ७ ते १२ सत्रं होतात, शिवाय घरी रोज सराव करावा लागतो.

पुरावा काय?

१९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी औषधांनी बरं न वाटलेल्या ३० रुग्णांवर अभ्यास केला. संमोहन घेतलेल्या गटात मोठी सुधारणा दिसली. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात या उपचाराचा फायदा कांदा, लसूण, गहू टाळणाऱ्या खास आहाराइतकाच निघाला. कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान न हलणाऱ्या घरात ही मोलाची गोष्ट आहे.

हा उपचार सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार, १२ महिने औषधं घेऊनही फरक पडला नाही तर तो सुचवता येतो.

आधी डॉक्टर

शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रक्तक्षय, ताप, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर असेल, तर आधी तपासणी करा. गंभीर मानसिक आजार असल्यास मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन नको.

साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे चौकशी करता येईल. ताणाबद्दल बोलायचं असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे. 'एका बैठकीत हमखास बरं करतो' म्हणणाऱ्यापासून मात्र लांबच राहा.