आमिना की अमीना?

हकीम आणि हाकिम हे दोन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत. एक औषध देतो, दुसरा हुकूम. लिहिताना फरक केवढा? एका काना-वेलांटीचा. अरबीतून आलेल्या शब्दांमध्ये अशी जुळी भावंडं पुष्कळ सापडतात. अलीम म्हणजे सर्व जाणणारा, आणि आलिम म्हणजे विद्वान. बोलण्याच्या ओघात कोण कुठला हे कळतही नाही. ह्रस्व-दीर्घावरून विद्यार्थ्यांचे अर्धे-अर्धे गुण कापणारी मी, पण त्यावरून एखाद्या घरात आठ दिवस खल झालेला यंदाच्या रमजानमध्ये पहिल्यांदाच पाहिला.

घर नालासोपाऱ्यातलं. बाळाची आई माझी जुनी विद्यार्थिनी. रोजे सुरू झाले त्याच आठवड्यात मुलगी झाली. आजोबांनी कानात अजान दिली, मध चाटवून झाला आणि नावाचा विषय निघाला. आजी म्हणाली, आमिना. बाळाचे वडील म्हणाले, हो, मी आधीच ठरवलंय, अमीना. दोघांना वाटलं एकमत झालं! मिठाई वाटून झाल्यावर, आजीने उर्दूत नाव लिहून दाखवलं तेव्हा कळलं की दोघं वेगवेगळ्या मुलींबद्दल बोलताहेत.

उर्दूत हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. आमिना लिहिताना अलिफवर मद येतो, म्हणजे डोक्यावर छोटीशी लाट, आणि मीमनंतर थेट नून. अमीनाच्या अलिफवर मद नाही, पण मीम आणि नूनच्या मध्ये 'ये' बसतो. अबजदच्या जुन्या हिशोबात प्रत्येक अक्षराला आकडा असतो. मदचा अलिफ एकच धरला तर आमिनाचे होतात ९६ आणि अमीनाचे १०६. मधले दहा त्या 'ये'चे.

आमच्याकडे राशीचं अक्षर नसतं. सातव्या दिवशी अकीका करतात, बाळाचं जावळ काढतात, त्याच्या वजनाइतकी चांदी किंवा तिची किंमत दान देतात आणि नाव जाहीर होतं. मुलीसाठी एक बकरा. रमजानात सातवा दिवस आला की जेवणावळ आपोआप इफ्तारनंतर जाते. या घरीही खजूर, वसईची केळी, भजी आणि मग अकीक्याचं मटण असा बेत होता. नाव मात्र अजून ठरायचं होतं. अक्षराचं बंधन नसलं तरी अर्थाचं आहे, कारण नावाला अर्थ असावा आणि तो चांगला असावा, ही प्रेषितांची शिकवण. हजरत उमर यांच्या एका मुलीचं नाव होतं आसिया, आणि प्रेषितांनी ते बदलून जमीला ठेवलं, असं हदीसमध्ये आहे. आता गंमत पाहा. फिरऔनच्या घरात राहून मूसाला वाढवणारी, मुसलमानांना अतिशय आदरणीय असलेली राणीही आसियाच! पण ती अलिफ आणि सीनने लिहिली जाते. उमर यांच्या मुलीचं नाव ऐन आणि स्वादने, आणि त्याचा अर्थ होतो आज्ञा मोडणारी. देवनागरीत दोन्ही अगदी सारखी. तेव्हा 'एकच तर नाव आहे, कशाला भांडता' असं शेजारी म्हणाले तरी आजी ऐकायला तयार नव्हती, ते उगीच नाही.

आमिना हे प्रेषित मुहम्मद यांच्या आईचं नाव. वहब यांची मुलगी, बनू जुहरा घराण्यातली. मूल जन्मायच्या आधी पती अब्दुल्ला वारले. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला मदिनेच्या नातलगांकडे घेऊन गेली आणि परतीच्या वाटेवर अबवा या ठिकाणी तिचाही अंत झाला. तिच्याबद्दल फारसं सांगितलं जात नाही, पण मौलूदच्या मजलिशीत तिचं नाव आलं की बायका डोक्यावरचा पदर सारखा करतात. आमिनाचा अर्थ सुरक्षित, निर्धास्त. कुरआनच्या नहल या सूरेत एका नांदत्या, निर्भय गावासाठी हाच शब्द आला आहे.

अमीना म्हणजे विश्वासू. अमीनचं स्त्रीलिंगी रूप. प्रेषितत्व मिळण्याच्या कितीतरी आधी मक्केचे लोक मुहम्मद यांना 'अल-अमीन' म्हणत. काबा नव्याने बांधताना काळा दगड कोणी बसवायचा यावरून टोळ्या हातघाईवर आल्या, तेव्हा ठरलं की आता जो पहिला आत येईल त्याचा निवाडा मानायचा. आत आले ते अल-अमीन. त्यांनी चादर पसरली, दगड तिच्यावर ठेवला, प्रत्येक टोळीच्या प्रमुखाला एकेक टोक धरायला लावलं आणि वर उचलल्यावर स्वतःच्या हाताने तो जागेवर बसवला. बाळाच्या वडिलांना ही गोष्ट फार आवडते. ते हिशोबाचं काम करतात, लोकांचे पैसे सांभाळतात. त्यांना अमीना का हवी ते समजण्यासारखं आहे.

दोन्ही नावांचं मूळ एकच, अलिफ-मीम-नून. याच मुळाला अमन फुटला, इमान फुटलं, अमानत फुटली. मराठीने अमानतची अक्षरं उलटीपालटी करून 'अनामत' केली आणि ती आज प्रत्येक भाडेकरूच्या तोंडी आहे. दुआनंतर आम्ही 'आमीन' म्हणतो. पापडीच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना संपताना 'आमेन' म्हणतात. तो शब्द हिब्रूतला, पण मुळाक्षरं हीच तीन. वसईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, दोन्ही आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

विद्यार्थिनीने मला फोन केला तो तरावीहनंतर. 'मॅडम, तुम्हीच सांगा.' मी म्हणाले, आमिना म्हणजे जी स्वतः निर्धास्त आहे. अमीना म्हणजे जिच्यापाशी दुसरे निर्धास्त आहेत. मला स्वतःला अमीना जवळची वाटते. आपल्याकडे मुलीला 'पराई अमानत' म्हणतात, मराठीत 'परक्याचं धन'. दोन्ही भाषांनी मिळून तिची वस्तू केली आहे. अमीना ही अमानत नव्हे, अमानत सांभाळणारी. नावानेच तो हिशोब उलटा फिरतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'पण मॅडम, मुलगी जन्मल्या जन्मल्या तिच्यावर जबाबदारी कशाला? आधी निर्धास्त तर असू दे.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय कागदाचा प्रश्न होताच. आजीच्या मदला आणि 'ये'ला जन्मदाखल्यावर जागा नाही. तिथे मराठी आणि इंग्रजी. मराठीत बहुतेक लोक सरळ 'अमिना' लिहून मोकळे होतात, म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही. इंग्रजीत पाच अक्षरांचं एकच स्पेलिंग दोघींना पुरतं. पूर्वी हे खपून जायचं, आता खपत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी या सगळ्याला जन्मदाखला हाच आधार. आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले. एका कागदावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं, म्हणून हेलपाटे घालणाऱ्यांच्या कहाण्या आमच्या घराघरांत चवीने नव्हे, धास्तीने ऐकल्या गेल्या. आमच्याच नात्यात एका काकूंची चार कागदांवर चार नावं आहेत आणि चारही खरी आहेत.

घाई मात्र नव्हती. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण नाव नंतरही लावता येतं; १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसतं आणि ते खिडकीसमोर उभ्या उभ्या सुचेल ते लिहून देतात. आणखी एक बदल लक्षात ठेवावा: महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे ही मुलगी उद्या आई झाली की तिची वेलांटी तिच्या लेकराच्या दाखल्यावरही जाणार.

या मुद्द्यावर वडिलांनी माघार घेतली. आईचंच नाव पुढे चालायचं असेल, तर ते प्रेषितांच्या आईचं असू दे, असं ते म्हणाले. आजीने एका कागदावर उर्दूत नाव लिहिलं, मद जरा जास्तच ठळक काढला. त्याखाली माझ्या विद्यार्थिनीने देवनागरीत लिहिलं, 'आ'ला काना आणि 'मि' ह्रस्व. वडिलांनी इंग्रजीत सुरुवातीला दोन ए. तोच कागद अर्जाला टाचून नोंदणीच्या खिडकीवर दिला.

शेजारच्या वहिनी तिला मीना म्हणून हाका मारतात. मीना म्हणजे फारसीत चांदी-सोन्यावरचं रंगीत काचकाम. आजीने अजून तरी हरकत घेतलेली नाही.